अरण्यप्रदेशचं फाटक

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणच्या एका छोट्या कारखान्याचे सुटे भाग न्हावा शेवाहून थायलंडच्या लेम चबांग बंदरात उतरायचे, बँकॉकजवळच्या गोदामात साठायचे आणि तिथून ट्रकने कंबोडियातल्या पोइपेतच्या कारखान्यांत पोचायचे. जून २०२५ पासून, थायलंड आणि कंबोडिया यांच्यातल्या सीमेच्या भांडणामुळे, हा रस्ता बंद आहे. मालक विचारतात, "दोन्ही देश आसियानमध्ये, एकमेकांशी एवढा व्यापार, आणि एका देवळावरून सगळं बंद? व्यापार असला की भांडण होत नाही म्हणतात ना? आम्ही फाटक उघडायची वाट बघायची की दुसरा रस्ता धरायचा?"

पैसे शेवटच्या प्रश्नात अडकलेत, म्हणून त्याचं उत्तर आधी. वाट बघू नका. मी वीसेक वर्षं फॉरवर्डिंगच्या, म्हणजे दुसऱ्यांचा माल देशोदेशी पोचवून देण्याच्या, धंद्यात काढली, त्यातली बरीचशी बँकॉकमध्ये. त्या काळात सीमेवरचं फाटक बंद होताना आणि उघडताना अनेकदा पाहिलं. बंद करायला एक आदेश आणि एक संध्याकाळ पुरते. उघडायला दोन्ही बाजूंना "आम्ही माघार घेतली नाही" असं आपापल्या लोकांना सांगता यावं लागतं, आणि त्याला किती दिवस लागतील हे कुठल्याही करारात लिहिलेलं नसतं.

आता ते फाटक नेमकं कसलं, ते बघू. थायलंडच्या बाजूचं गाव अरण्यप्रथेत. मराठी माणसाला हे नाव फोडून सांगायची गरज नाही, ते आपलं अरण्यप्रदेशच. समोर कंबोडियाचं पोइपेत. इकडे रोंग क्लुआचा भलामोठा बाजार, तिकडे कॅसिनोंची रांग, कारण थायलंडमध्ये कॅसिनो चालवता येत नाही. चांगल्या दिवसांत सकाळी फाटक उघडलं की पासवर येणारे कंबोडियन मजूर, हातगाड्या ओढणारे हमाल आणि फळांचे टेम्पो यांची एकच झुंबड उडायची. थायलंडमध्ये गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात, कंबोडियात उजवीकडून. त्यामुळे फाटकापाशी गाड्यांना बाजू बदलावी लागते, आणि बराचसा माल तर एका देशाच्या ट्रकमधून उतरवून दुसऱ्या देशाच्या ट्रकमध्ये चढवला जातो. एक कंटेनर रिकामा करून भरायला किती हमाल लागतात आणि त्यांच्यामागे किती घरं चालतात, हे राजधानीतल्या कुणाच्या हिशेबात नसतं.

पोइपेतला कारखाने का आले, हेही लक्षात घ्या. अवघड आणि यंत्राचं काम थायलंडमध्ये करायचं, वायर हार्नेससारखं (गाडीतल्या वायरींचे जुडगे बांधण्याचं) हाताचं काम सीमेपलीकडे स्वस्त मजुरीत करून घ्यायचं आणि तयार माल त्याच आठवड्यात परत आणायचा, ही जपानी कंपन्यांनी घातलेली घडी. 'थायलंड प्लस वन' म्हणतात तिला. तुमच्या गिऱ्हाइकाचा कारखाना फाटकाला खेटून उभा आहे तो याच कारणाने. फाटक बंद झालं की त्या जागेचं मोलच जातं. तेव्हा गिऱ्हाइकाला माल कसा पाठवू हे विचारण्याआधी तुम्ही पोइपेतलाच राहणार आहात का, हे विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर तेच उत्तर समजा.

आता "एका देवळावरून". देऊळ खरं आहे, पण भांडण मुळात बांधाचं आहे. सीमा सुमारे ८०० किलोमीटरची, आणि तिची आखणी फ्रेंचांच्या काळातली. कंबोडिया फ्रेंचांच्या ताब्यात असताना १९०४ आणि १९०७ मध्ये सयामशी (थायलंडचं जुनं नाव) करार झाले. १९०४ च्या कराराने दांग्रेक डोंगराच्या भागात सीमा पाणलोटाच्या रेषेवरून जाईल असं ठरवलं. मग फ्रेंच अधिकाऱ्यांनी नकाशा काढला, १:२,००,००० या प्रमाणाचा, आणि त्यात प्रेआह विहार हे कड्यावरचं शिवमंदिर कंबोडियाकडे दाखवलं. पाणलोट जमिनीवर मोजला तर ते आमच्याकडे येतं, असं थायलंडचं म्हणणं. पण सयामने तो नकाशा घेतला, आणखी प्रती मागवल्या आणि वर्षानुवर्षं हरकत घेतली नाही. १९३० मध्ये सयामचे राजपुत्र दामरोंग तिथे गेले, तेव्हा फ्रेंच अधिकाऱ्याने फ्रेंच झेंड्याखाली त्यांचं स्वागत केलं, तेव्हाही कुणी काही बोललं नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १५ जून १९६२ ला ९ विरुद्ध ३ मतांनी निकाल कंबोडियाच्या बाजूने दिला, तो मुख्यतः याच गप्प बसण्यावरून. आपल्याकडे भावकीतल्या मोजणीला गैरहजर राहणाऱ्याचं जे होतं, तेच.

गंमत अशी की निकालाने देऊळ कुणाचं ते ठरलं, सगळा बांध ठरला नाही. २०१३ मध्ये न्यायालयाने आपल्याच निकालाचा अर्थ सांगितला आणि देवळाचा कड्यावरचा सगळा सुळका कंबोडियाचा म्हटलं. बाकीची सीमा होती तशीच राहिली. कंबोडिया जुना फ्रेंच नकाशा पुढे करतो, थायलंड स्वतःचा १:५०,००० चा. दोन नकाशांमधल्या फटीत ता मुएन थोम, ता क्वाय यांसारखी ख्मेर काळातली छोटी देवळं अडकली आहेत. २८ मे २०२५ ला ज्या जागी चकमक होऊन एक कंबोडियन सैनिक मारला गेला, ती थायलंड, कंबोडिया आणि लाओस यांच्या सीमा जिथे भेटतात त्या जंगलातली. तिथे देऊळ नाही की बाजार नाही. त्यानंतरच्या चार आठवड्यांत जे झालं, ते मात्र सगळं बाजारात झालं.

ते आठवडे धंद्याच्या नजरेने बघा. ७ जूनला थाई सरकारने सीमेवरची फाटकं उघडण्या-मिटण्याचा अधिकार लष्कराकडे दिला आणि वेळा कमी झाल्या. कंबोडियाने थाई वीज आणि इंटरनेट घेणं थांबवलं, थाई मालिका आणि चित्रपट बंद केले, १७ जूनपासून थाई फळं-भाज्या आणि २२ जूनच्या मध्यरात्रीपासून थाई पेट्रोल, डिझेल, गॅस. लगेच थायलंडने विद्यार्थी, रुग्ण अशा थोड्यांना सोडून सगळ्यांसाठी फाटकं मिटली. प्रत्येकाने कुठलं हत्यार उचललं ते बघण्यासारखं आहे. थाई आकड्यांनुसार २०२४ मध्ये सीमेवरचा व्यापार पावणेदोनशे अब्ज बाहतच्या घरात होता आणि त्यातला सुमारे चार पंचमांश भाग थायलंडने विकलेला माल होता. म्हणजे कंबोडिया गिऱ्हाईक आणि थायलंड दुकानदार. गिऱ्हाइकाच्या हातात असतं ते न घेणं, म्हणून कंबोडियाने बहिष्कार टाकला. दुकानदाराकडे दार असतं, त्याने दार लावलं. दारामागे कंबोडियाचे मजूर होते, कॅसिनो होते आणि शेतकऱ्यांचा कसावा (ज्याचा साबुदाणा होतो तो कंद) होता, जो मोठ्या प्रमाणावर थायलंडच्या स्टार्च कारखान्यांत जायचा.

व्यापार असला की भांडण होत नाही, हे वाक्य मी धंद्याच्या सुरुवातीला चारचौघांत ऐकवायचो. आता म्हणत नाही. आसियानमध्ये या दोघांमधल्या जवळजवळ सगळ्या मालावरचं आयात शुल्क कधीच शून्यावर आलंय. फॉर्म डी, म्हणजे माल आसियानमध्येच बनल्याचा दाखला, जोडला की आयात शुल्काचा एक पैसा द्यावा लागत नाही. पण शुल्काचा करार फाटकाला लागू होत नाही. शुल्क अर्थखातं ठरवतं, फाटक लष्कर ठरवतं. आणि थायलंडमध्ये लष्कर म्हणजे एकच एक दार नव्हे. अरण्यप्रथेत ज्या सा काएओ प्रांतात येतं, तो पहिल्या सैन्य विभागाकडे. सुरिन, सिसाकेत, उबोन हे दुसऱ्याकडे. आणि चंथाबुरी (ही आपली चंद्रपुरी) आणि त्रात नौदलाच्या सीमा कमांडकडे. सीमेच्या तिन्ही तुकड्यांवर हवा वेगळी असते. बँकॉकच्या वाणिज्य मंत्रालयातला अधिकारी तुम्हाला मनापासून "लवकरच" म्हणेल, आणि त्या "लवकरच"ला फाटकावरच्या कर्नलच्या लेखी काडीची किंमत नसेल. हे मी एकदा आंब्याच्या हंगामात शिकलो. माल माझा नव्हता, पण मी ज्यांना "उद्या सुटेल" असं सांगितलं होतं त्यांचा होता. चार दिवसांनी गाडी सुटली तेव्हा रस उरला होता, फळ नव्हतं.

राजकारण याच्या वरचं. १५ जूनला तेव्हाच्या थाई पंतप्रधान पैतोंगतार्न शिनावात्रा आणि कंबोडियाच्या सिनेटचे अध्यक्ष हुन सेन यांचं फोनवर बोलणं झालं. दोन्ही घराण्यांची जुनी मैत्री, त्यामुळे त्या त्यांना "काका" म्हणाल्या आणि आपल्याच सेनेच्या एका विभागीय सेनापतीला समोरच्या गोटातला म्हणून मोकळ्या झाल्या. १८ तारखेला ते संभाषण बाहेर आलं. सरकारमधला मोठा मित्रपक्ष भूमजाइथाई बाहेर पडला, १ जुलैला घटनात्मक न्यायालयाने त्यांना निलंबित केलं, २९ ऑगस्टला पदावरूनच काढलं. मग पंतप्रधान झाले त्याच भूमजाइथाईचे अनुतिन चार्नवीराकून. अशा ठिकाणी फाटक उघडण्याचा प्रस्ताव कुठला नेता आधी मांडेल, तुम्हीच सांगा. कंबोडियाकडेही तेच. पंतप्रधान हुन मानेत हे हुन सेन यांचेच चिरंजीव, आणि थाई माल न घेणं हे तिथे देशभक्तीचं सगळ्यात स्वस्त प्रमाणपत्र झालं. रिकाम्या झालेल्या फळ्यांवर व्हिएतनामचा माल आला.

२४ जुलैला खरी लढाई पेटली. कंबोडियाकडून बीएम-२१ चे रॉकेट, थायलंडकडून एफ-१६ लढाऊ विमानं. पाच दिवसांत चाळीसच्या वर माणसं गेली, तीन लाखांच्या आसपास लोक घरं सोडून निघाले. २८ जुलैला मलेशियाचे पंतप्रधान अन्वर इब्राहिम यांनी पुत्रजयामध्ये दोघांना बसवून शस्त्रसंधी घडवली. पण बसायला भाग पाडलं ते ट्रम्प यांनी. लढाई थांबली नाही तर व्यापार करार नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. अमेरिका हे दोन्ही देशांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. १ ऑगस्टपासूनचं शुल्क दोघांवर ३६ टक्के पडणार होतं, ते दोघांसाठी १९ वर आलं.

तुमच्या "व्यापार असला की भांडण होत नाही" या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर इथे आहे. या दोघांचा आपसातला व्यापार भांडण थांबवायला उपयोगी पडला नाही, उलट भांडायला हत्यार म्हणून कामी आला. थोडा वेळ जो लगाम लागला, तो हजारो किलोमीटरवरच्या तिसऱ्याच गिऱ्हाइकाचा. आपसातला व्यापार तुटला की नुकसान सीमेवरच्या प्रांतांचं होतं, आणि त्या प्रांतांवर बँकॉक किंवा नोम पेन्हमधलं सरकार पडत नाही. अमेरिकेची बाजारपेठ गेली की कारखाने राजधानीभोवतीचे बंद पडतात. आणि हा लगामही पक्का नव्हताच. २६ ऑक्टोबरला क्वालालंपूरमध्ये ट्रम्प यांच्या समोर शांतता करारावर सह्या झाल्या, १० नोव्हेंबरला सिसाकेतमध्ये भूसुरुंगाने थाई सैनिक जखमी झाले आणि थायलंडने तो करार स्थगित केला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा लढाई, जुलैपेक्षा लांब आणि मोठी. २७ डिसेंबरला पुन्हा शस्त्रसंधी.

आता तुमच्या मालाकडे येऊ.

थायलंडमध्ये अडकून पडलेला साठा समुद्रमार्गे काढता येतो. लेम चबांग ते सिहानुकविल हा मार्ग चालू राहिला, कारण कंबोडियाची बंदी ठरावीक मालावर होती, सुट्या भागांवर नव्हती. पुढच्या खेपा मात्र थायलंडला नेऊच नका. न्हावा शेवाहून सिंगापूर किंवा पोर्ट क्लांगला जहाज बदलून थेट सिहानुकविल. तिथून नोम पेन्हपर्यंत सुमारे १९० किलोमीटरचा द्रुतगती मार्ग २०२२ पासून आहे, पुढे पोइपेतपर्यंत आणखी सुमारे ४०० किलोमीटरचा रस्ता. दुसरा पर्याय व्हिएतनामचं काय मेप बंदर आणि तिथून मेकाँग नदीतून बार्जने नोम पेन्ह. लाओसमधून फिरवण्याचा सल्ला कुणी देईल. कागदावर तो रस्ता आहे. पण डिसेंबरात थाई सैन्याने लाओसकडे जाणाऱ्या चोंग मेक फाटकावर इंधन अडवलं होतं, ते कंबोडियात पोचतंय या संशयावरून. ज्या आडवाटेवर एकदा संशयाची नजर पडली, तिथे तुमचे बेअरिंगचे खोकेही उघडून बघितले जातील.

कागदपत्रांत एक जागा आहे जिथे आपले निर्यातदार हमखास पाय घसरून पडतात. भारत-आसियान करारातली सवलत घ्यायची तर माल थेट पाठवलेला असावा लागतो. वाटेत दुसऱ्या देशातून जाणं चालतं, पण भौगोलिक किंवा वाहतुकीच्या कारणाने, तिथल्या बाजारात न शिरता, आणि उतरवणं-चढवणं किंवा माल सुस्थितीत ठेवणं एवढ्यापलीकडे त्याला हात न लावता. तुमचा माल बँकॉकजवळ साध्या गोदामात शुल्क भरून उतरला असेल तर तो थाई बाजारात शिरला. कंबोडियन कस्टम्सने आजवर विचारलं नाही हे नशीब, नियम नव्हे. फ्री झोनमध्ये, म्हणजे शुल्क न भरता माल ठेवायच्या जागेत, होता तर गोष्ट वेगळी. नव्या मार्गावर बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) न्हावा शेवापासून शेवटपर्यंत एकच, थ्रू, काढून घ्या.

विम्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण याच प्रश्नावर मला सगळ्यात जास्त रागावलेले फोन येतात. "आम्ही ऑल रिस्क घेतलाय" असं प्रत्येकजण म्हणतो. इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस 'ए' म्हणजे ज्याला ऑल रिस्क म्हणतात, त्यात युद्ध वगळलेलं आहे. वर पैसे भरून वॉर क्लॉजेस घेतले तरी ते संरक्षण माल जहाजावर असेपर्यंतचं असतं. शेवटच्या बंदरात जहाज लागल्यावर माल उतरला की संपतं, आणि उतरला नाही तरी पंधरा दिवसांनी संपतं. जमिनीवरच्या युद्धाचा धोका विमा बाजार नेहमीच्या पॉलिसीत घेतच नाही, कारण एका गोदामावर बॉम्ब पडला तर शंभर पॉलिसींचा माल एकदम जातो. म्हणजे सीमेजवळच्या गोदामात रॉकेट पडलं तर तुमच्या हातात काही नाही. आणि फाटक बंद म्हणून माल पडून राहिला, तर उशिराने झालेलं नुकसानही पॉलिसीत वगळलेलंच आहे. त्यामुळे साठा सीमेजवळ ठेवू नका. गोदामाचं भाडं कितीही कमी असो.

करारातलं फोर्स मेजर कलम (हाताबाहेरच्या कारणाने करार पाळता आला नाही तर सूट देणारं) वाचा, आणि त्यात "सीमा बंद होणे" हे शब्द नसतील तर पुढच्या करारात घाला. भाव ठरवताना फक्त एक रस्ता धरून मोकळे होऊ नका. १९५६ ला सुएझ कालवा बंद झाला तेव्हा सुदानचे शेंगदाणे हँबर्गला पाठवायचे होते. विकणारा म्हणाला, कालवा बंद म्हणून करारच संपला. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, १९६१ मध्ये सांगितलं, आफ्रिकेला वळसा घालून जा, महाग पडेल पण अशक्य नाही. आपल्या करार कायद्याच्या कलम ५६ कडेही (करार पाळणं अशक्य झालं तर तो रद्द होतो असं सांगणारं) भारतीय न्यायालयं साधारण याच नजरेने बघतात. तुम्ही 'डीएपी पोइपेत', म्हणजे पोइपेतला माल पोचवून देण्यापर्यंतचा, असा भाव दिला असेल तर वळशाचा खर्च तुमचाच. पुढच्या वेळी सिहानुकविलपर्यंतचा भाव द्या, पुढचं गिऱ्हाइकाने बघावं.

फाटक कधी उघडेल याचा अंदाज तुम्हाला हवाच असेल तर बातम्यांतली मंत्र्यांची भाषणं सोडून द्या. दोन्ही देशांच्या तीन समित्या आहेत. संरक्षण मंत्र्यांची जनरल बॉर्डर कमिटी, सेनापतींची प्रादेशिक समिती आणि मोजणीवाल्यांचा संयुक्त सीमा आयोग. तिसरी बसली तरी फाटकाशी तिचा संबंध नाही, ती अजून शंभर वर्षं मोजत बसेल. पहिल्या दोघींच्या पत्रकात माल वाहतुकीसाठी ठरावीक फाटकाचं नाव आणि तारीख छापून आली, तरच कान टवकारा. नाव अरण्यप्रथेतचं असेल असंही धरू नका. नौदलाच्या तुकड्यातलं एखादं छोटं फाटक आधी उघडणं मला जास्त शक्य वाटतं, कारण तिथे वादातली देवळं नाहीत.

आणि उघडलंच, तर पहिल्या दिवशी तुमचा कंटेनर रांगेत लावू नका. पहिला आठवडा कसाव्याच्या गाड्यांना जाऊ द्या.